कागद केवढा होता?

१

फाईल उघडली आणि ठकीच्या तोंडचं पाणी पळालं.

पासपोर्ट होता. राहण्याचा परवाना होता. जन्माचा दाखला, लसी टोचल्याचा कागद, इथल्या भाषेच्या परीक्षेचा निकाल, सगळ्यांची भाषांतरं, पाकिटातले फोटो, सारं काही तिनं लावलेल्या क्रमानं होतं. नव्हतं ते एकच. शाळेच्या शेवटच्या परीक्षेचं मूळ गुणपत्रक.

तिनं फाईल ओट्यावर उपडी केली. झटकली. पुन्हा एकेक कागद उलटून पाहिला. मग ओट्याखाली वाकून पाहिलं.

उद्या दुपारच्या आत विद्यापीठाच्या खिडकीवर मूळ कागद दाखवायचे होते. दाखवले तर औषधनिर्माणाच्या वर्गातली जागा तिची. नाही दाखवले तर ती जागा यादीतल्या पुढच्या मुलाची. आणि नुसती जागाच जात नव्हती. बापाच्या नावावर असलेला तिचा राहण्याचा परवाना या उन्हाळ्यात संपत होता. विद्यार्थिनी म्हणून नाव लागलं तरच नवा मिळणार. नाहीतर बाप आणि भाऊ इथे, आणि ही एकटी परत, जिथे आता कोणीच राहिलं नव्हतं तिथे. गुणपत्रकाची दुसरी प्रत मागवायची म्हटली तर मायदेशीचं परीक्षा मंडळ सहा-सहा महिने दाद देत नाही, हे तिनं आधीच विचारून ठेवलं होतं.

ही फाईल तिनं वर्षभर खपून उभी केली होती. जन्मदाखल्यावर बापाचं नाव अपुरं होतं, तर दोन्ही नावांचा माणूस एकच आहे असं शपथपत्र मिळवलं. लसींची नोंद सापडेना, तर लहानपणीच्या दवाखान्यातल्या नर्सबाईला शोधून काढलं. घरातलं सगळं सांभाळून, इस्त्रीच्या दुकानात कामाला जाऊन, एकेक कागद चिमणीनं काडी आणावी तसा आणला. पोरीची चिकाटी अशी, की दगडालाही घाम फुटावा.

"काखेत कळसा नि गावाला वळसा," दादा म्हणाला. तो गोदामात मालाच्या गाड्या भरायचा, आणि बहिणीला चिडवणं हा त्याचा जोडधंदा होता. "असेल इथेच कुठेतरी. नाहीच मिळाला तर आमच्या गोदामात ये. मालकाला पातळ अंगाचं माणूस हवंय, खोक्यांच्या मध्ये घुसायला."

पण तिचा चेहरा पाहून त्यानं जीभ आवरली आणि तोही शोधायला लागला. मागच्या खोलीत राहणारा रंगारीही हातातला ब्रश ठेवून आला. तो बाबांच्याच मुलखातला, भाडेकरू म्हणून आला आणि घरचाच होऊन बसला. कोटांचे खिसे, पुस्तकांची पानं, डब्यांची बुडं, काही सोडलं नाही. बाबा नुकतेच पावाच्या कारखान्यातून आले होते. तेही एका खोलीतून दुसऱ्या खोलीत फिरत होते, पण त्यांचे हात नुसतेच हलत होते.

"मावशीला बोलावते," ठकी म्हणाली.

"नको," बाबा चटकन म्हणाले. सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं. "म्हणजे… ताईंना कशाला या वयात जिने चढवायचे?"

२

मावशी जिने चढून आली, आणि धापही न टाकता आली.

ठकीच्या आईची ही थोरली बहीण. या देशात सगळ्यांच्या आधी आली, आणि आई गेल्यावर या तिघांना हिनंच इथे आणलं. निम्मी हयात तिनं बसस्थानकावरच्या हरवल्या-सापडल्याच्या खिडकीत काढली होती. छत्र्या, कवळ्या, लग्नाच्या अंगठ्या, एकदा तर झोपलेलं तान्हं मूल, सगळं तिच्या हातून आपापल्या धन्याकडे गेलं होतं. माणसं खिडकीवर येऊन काय बोलतात आणि काय गिळतात, हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक नव्हतं.

ती खुर्चीवर बसली, चष्मा पुसला आणि म्हणाली, "रडायचं असेल तर उद्या संध्याकाळी रड, मी पण रडेन तुझ्याबरोबर. आत्ता बोल. शेवटचा कधी पाहिलास?"

"रविवारी. दुभाष्यांकडून भाषांतर आणलं, तेव्हा सोबत मूळ कागदही आणला. पाकिटात घालून फाईलमध्ये ठेवला. त्यानंतर फाईल आज उघडली."

"रविवारी आणखी काय झालं?"

"माझ्या हातून चहा सांडला," रंगारी कानकोंडा होऊन म्हणाला. "फाईलीच्या जवळच. पण कागदाला थेंब लागला नाही, आईशप्पथ."

"आणि काल?"

"काल जेवताना मी सगळ्यांना उद्याचे नियम सांगितले," ठकी म्हणाली. "दुभाष्यांनी फोनवर सांगितलेले. पिना काढायच्या नाहीत, पेन्सिलीच्या खुणा खोडायच्या, लॅमिनेट केलेलं चालत नाही, निळ्या शाईनंच सही करायची, आणि फोटोत दोन्ही कान दिसले पाहिजेत."

"त्यावर मी म्हटलं, कान बघून प्रवेश देणार असतील तर हिला पहिला नंबर," दादा म्हणाला. "हसलो आम्ही. बाबा तेवढे लवकर झोपले."

"ताट अर्धं टाकून," ठकी म्हणाली. "दमले होते."

मावशीनं मान हलवली. मग तिनं एक विचित्रच प्रश्न केला.

"कागद केवढा होता?"

"अगं मावशी, कागद तो कागद! केवढा म्हणजे काय?"

"खिडकीवर मी सगळ्यांना हेच विचारायची. तोंडानं सांगायचं नाही. हातानं दाखवायचं. चल, एकेक जण."

ठकीनं वैतागून अंगठा आणि बोट यांच्यामध्ये तळहाताएवढं माप दाखवलं. कागद चार घड्यांचा होता. देश सोडताना बाबांनी तो सदऱ्याच्या खिशात घालून आणला, बोटीत, आगगाडीत, रांगांमध्ये छातीशी धरून. तेव्हापासून घड्या तशाच होत्या, कारण उघडला की विरलेली घडी फाटेल अशी भीती. दादानंही तेवढंच दाखवलं. रंगाऱ्यानं त्याहून लहान दाखवलं, विडीच्या पुडक्याएवढं.

"आणि भाऊजी, तुम्ही?"

बाबांनी दोन्ही तळवे वर करून एकमेकांपासून हातभर दूर धरले, जसं पावांचा ट्रे धरतात. क्षणभरच. मग हात खाली घेतले.

"बरं," मावशी म्हणाली आणि उठली. "आता मला प्रत्येकाशी एकेकट्यानं बोलायचंय. आधी रंगारी."

३

रंगाऱ्याच्या खोलीत टर्पेंटाइनचा वास भरून राहिला होता. मावशीनं दार लोटलं आणि ठकीला दाराशी उभं केलं.

"तुझा भाचा पण म्हणे इथे शिकायला येणार आहे," मावशी म्हणाली.

रंगाऱ्यानं ठकीकडे पाहिलं. "हिनं सांगितलं?"

"माझ्यापर्यंत सगळं येतं. तू हिला कागद दाखव म्हणून मागे लागला होतास."

"लागलो होतो! खोटं कशाला बोलू? भाचा विचारत होता, दाखला कसा असतो, कुठे शिक्का लागतो. ही म्हणाली, उघडत नाही, फाटेल. मी म्हटलं, बरं बाई, राहू दे. त्या दिवसापासून तिच्या फाईलीकडे वाकडा डोळा करून पाहिलं असेल तर हात झडोत माझे. आणि पोरीचं वर्षभराचं खपणं मी काय पाहिलं नाही? मी भिंती रंगवतो, ताई, पण डोळे उघडे ठेवून रंगवतो."

मावशी बाहेर आली. "यानं कागद उघडलेला कधी पाहिलाच नाही," ती हळूच म्हणाली. "आता तुझा भाऊ."

दादा जिन्यात उभा होता. काल संध्याकाळी, जेवणाआधी कुठे होतास, असं विचारल्यावर म्हणाला, "गोदामात. जादा पाळी होती."

"नाही," ठकी म्हणाली. आवाज तिचा तिलाच परका वाटला. "काल मी तुझा डबा द्यायला आले होते, दादा. तुझा मुकादम म्हणाला, तू कधीचाच गेलास. आणि हे काही पहिल्यांदा नाही."

दादाचा चेहरा उतरला. ठकीच्या मनात नको ते आलं. ती शिकायला गेली तर घरातलं सगळं याच्या अंगावर पडणार होतं. स्वयंपाक, बाबांची औषधं, सरकारी कचेऱ्यांतल्या खेपा.

"बोल रे," मावशी म्हणाली.

"वर्गाला जातो," दादा भिंतीकडे पाहत म्हणाला. "संध्याकाळच्या. भाषेच्या. दोनदा नापास झालोय. पास झालो की सांगणार होतो. ही तर पहिल्या फटक्यात पास झाली, हिच्यासमोर कुठल्या तोंडानं सांगू? आणि ही गेल्यावर बाबांची कामं कोण बोलणार इथल्या भाषेत? कोणीतरी शिकायला नको?"

ठकीनं त्याच्या दंडावर एक गुद्दा मारला, आणि तेवढ्यानं त्यांचं आपापसात मिटलं.

"म्हणजे हाही नाही," ती म्हणाली. "मग राहिले दुभाषी."

"राहिले खरे," मावशी म्हणाली. "चल, त्यांना एक प्रश्न विचारायचाय. पण तो तुला वाटतो तो नव्हे."

४

दुभाष्यांची कचेरी चष्म्याच्या दुकानावर होती. अधिकृत भाषांतरकार, शिक्क्याचा माणूस, बोलण्यात काटेकोर. गुणपत्रक हरवलं म्हटल्यावर ते ताठ झाले.

"मी हातात दिलं होतं. हिनं माझ्यासमोर पाकिटात घातलं."

"तुमच्यावर शंका नाही," मावशी म्हणाली. "तुम्ही तो उघडलात ना? केवढा होता, हातानं दाखवा बरं."

दुभाष्यांनी क्षणभर त्यांच्याकडे रोखून पाहिलं. मग दोन्ही हात वर उचलून, चिमटीत दोन कोपरे धरावेत तसे धरले, ओला कपडा दोरीवर टाकताना धरतात तसे.

"अहो, लुळा पडला होता कागद. टेबलावर ठेवला तर घड्यांवरून चारी बाजूंनी उठायचा. भाषांतर होईपर्यंत त्यावर दोन पुस्तकं ठेवावी लागली."

मावशी खुर्चीवरून उठली ती सरळ दाराशी.

"ठके, चल घरी. लवकर."

"काय झालं?"

"चालता चालता सांगते. आधी पाय उचल."

घरी आल्या तेव्हा दादा दारातच उभा होता. "बाबा बाहेर गेलेत. कुठे ते बोलले नाहीत. आणि एक गंमत बघ, मघापासून कांदा चिरायला पातळ सुरी शोधतोय, ती कुठे दिसत नाही."

मावशीचा चेहरा पहिल्यांदाच बदलला.

"पावाचा कारखाना," ती म्हणाली. "पळा!"

५

पळता पळता मावशी तुटक तुटक बोलत होती, आणि ठकीला एकेक शब्द दगडासारखा लागत होता.

"चोरानं नेला असता तर पासपोर्ट नेला असता. वैऱ्यानं नेला असता तर फाईलच जाळली असती. इथे बाकीचं सगळं नीट. म्हणजे नेणाऱ्याला तुझं वाईट करायचंच नव्हतं. भाषांतराला हात नाही लावला, मूळ कागदच हवा होता त्याला. कशाला? कागदाचंच काहीतरी करायला."

"पण कोण, मावशी?"

"हरवलेली वस्तू माणूस शेवटची जशी पाहतो, तशीच हातानं दाखवतो. तुम्ही तिघांनी घडी दाखवलीत. दुभाष्यानं लुळा कागद दाखवला, वरून धरून. आणि ज्यानं तो खिशात घालून अर्धी दुनिया पार केली, ज्याला ती घडी सगळ्यांत पाठ असायला हवी, त्यानं काय दाखवलं? उघडा कागद. तोही खालून, दोन तळव्यांवर. कडक असल्यासारखा. काच धरावी तसा." तिनं श्वास घेतला. "चार घड्यांचा विरलेला कागद कडक कशानं होतो, सांग."

ठकी रस्त्यातच थांबली. रविवारी चहा सांडला होता. काल जेवताना तिनं स्वतःच्या तोंडानं नियम सांगितला होता. आणि ताट अर्धं राहिलं होतं.

"लॅमिनेशन," ती म्हणाली.

"कागद घरात नाही, म्हणजे कारखान्यातच ठेवलाय. आणि आता त्याच्या हातात सुरी आहे. ते प्लॅस्टिक सोलायला गेला ना, तर कागदाचे दोन पापुद्रे होतील. चल!"

कारखान्यात दुपारची सामसूम होती. भट्ट्या निवत होत्या. लांब लाकडी टेबलाशी बाबा पाठमोरे उभे होते, समोर चकचकीत गुणपत्रक, हातात सुरी. एक कोपरा त्यांनी भट्टीच्या उबेला धरून मऊ केला होता, आणि पातं आत सरकवलं होतं.

"भाऊजी, हात थांबवा!"

सुरी खाली पडली. बाबा वळले. ठकीनं बापाला असं कधी पाहिलं नव्हतं. आई गेली तेव्हाही नाही.

"मला वाटलं, मी केलंय तर मीच सोडवतो," ते म्हणाले. "रात्रभर विचार केला. ही उठायच्या आत जागेवर ठेवता आला असता तर…"

मावशीनं कागद उचलून उजेडाकडे धरला. कोपऱ्याचं रिकामं प्लॅस्टिक तेवढं सुटलं होतं. पातं कागदापर्यंत पोचलं नव्हतं.

"का हो, बाबा?" ठकीनं विचारलं.

"रविवारी तो चहा सांडला आणि मला ती बोट आठवली. बोटीत पाणी शिरलं तेव्हा मी हा कागद हातात उंच धरून उभा होतो, रात्र काढली तशी. आणि इथे, घरात, एका कपानं जायचा? शेजारी किल्ल्या करून देणारा आहे, त्याच्याकडे मशीन. काल पाळी सुटल्यावर करून घेतला. म्हटलं, खिडकीवर पोरगी काढेल तर आरशासारखा लखलखेल. आता पाऊस येवो, पूर येवो. आज तुझ्या हातात देणार होतो. आणि काल रात्री तू म्हणालीस…" त्यांनी टेबलावरचं पीठ तळहातानं पुसलं. "मला सांगता आलं नाही गं. तू वर्षभर जमवलंस, आणि मी एका दुपारीत घालवलं."

ठकी राग शोधत होती. सापडला तो नुसता हुंदका.

मावशीनं फोन काढून दुभाष्यांना लावला, सगळं सांगितलं, ऐकून घेतलं आणि फोन ठेवला.

"ते म्हणतात, लपवू नका. आहे तसा न्या. ज्याच्या हातून झालं त्यानं खिडकीवर शपथेवर सांगायचं. पटलं, तर ते परीक्षा मंडळाला विचारणा पाठवतात आणि उत्तर येईपर्यंत जागा राखून ठेवतात. नाही पटलं तर नाही." ती थांबली. "पण सांगायचं त्यानं स्वतः. इथल्या भाषेत. मध्ये दुसरं कोणी बोललं, दुभाषी असो की घरचं माणूस, तर जबाब धरत नाहीत."

सगळे बाबांकडे पाहू लागले. या देशात आल्यापासून बाबा प्रत्येक खिडकीवर ठकीच्या मागे उभे राहिले होते. कारखान्यात त्यांना बोलावं लागत नसे. दुकानात ते बोटानं दाखवत.

बाबांनी सुरी उचलली, फडक्यानं पुसली.

"मी बोलतो," ते म्हणाले.

६

त्या संध्याकाळी दादा आणि बाबा ओट्याशी समोरासमोर बसले. दादा वाक्य म्हणे, बाबा मागून म्हणत. अडखळत, चुकत, पुन्हा पहिल्यापासून. दोनदा नापास झालेला मास्तर आणि पिकल्या केसांचा विद्यार्थी. "तोंड जरा उघडा हो बाबा, पाव नाही पळून जाणार त्यातून," दादा म्हणाला, आणि त्या दिवशी पहिल्यांदाच घरात कोणी हसलं.

सकाळी विद्यापीठाच्या इमारतीत लांबलचक रांग होती. खिडकीमागे करड्या केसांच्या बाई बसल्या होत्या. त्यांनी गुणपत्रक हातात घेतलं, बोटानं प्लॅस्टिकवर टकटक केलं आणि मान हलवली.

"हे चालत नाही."

ठकी बाजूला झाली. बाबा पुढे आले. त्यांनी टोपी काढून छातीशी धरली. शपथेचे शब्द बाईंनी वाचले, ते त्यांनी मागून म्हटले. मग त्यांनी टोपी खिडकीच्या फळीवर ठेवली.

"मी बाप," बाबा इथल्या भाषेत म्हणाले. शब्द सुटे सुटे येत होते, गोण्या एकेक करून उतराव्यात तसे. "कागद खरा. मी लांबून आणला. इथे, खिशात. पाण्यातून. तो जुना झाला. मी घाबरलो. मी प्लॅस्टिक केलं. मुलीला माहीत नाही. नियम मला माहीत नाही. चूक माझी. शिक्षा असेल तर माझी. जागा तिची."

बाईंनी लेखणी खाली ठेवली. कागद तिरपा करून खिडकीच्या उजेडाला धरला. आतला उठावाचा शिक्का प्लॅस्टिकखालूनही सावली टाकत होता. त्या बराच वेळ पाहत राहिल्या. मग एक कोरा अर्ज काढून लिहू लागल्या, आणि वर न पाहताच विचारलं, "कुठल्या शाखेला ती?"

तो शब्द मोठा अवघड होता. इथल्या माणसांचीही जीभ त्यात अडकायची. ठकी स्वतः तो महिनाभर आरशासमोर घोकत होती. तो तिच्या ओठांवर आलाच, पण मावशीनं तिचं मनगट घट्ट धरलं.

बाबांनी तो शब्द म्हटला. संथपणे, पहिल्यापासून शेवटपर्यंत, एकही अक्षर न गाळता.

ठकीनं दादाकडे पाहिलं. दादानं डोळे विस्फारून मान हलवली. त्यानं नव्हता शिकवला. रात्रीच्या धड्यात तो शब्द नव्हताच. मग तो केव्हा शिकले, कोणाकडून, कणीक मळता मळता पहाटे कितीदा पुटपुटले, हे त्यांचं त्यांनाच ठाऊक.

बाईंनी मान वर करून बाबांकडे एकदा नीट पाहिलं. शब्द लिहून घेतला, अर्ज त्यांच्यापुढे फिरवला, सहीची जागा दाखवली. सही झाल्यावर शिक्का उचलून खाली आपटला, आणि राखून ठेवलेल्या जागेची पावती काचेखालून सरकवली, ती ठकीकडे नव्हे, बाबांकडे.

"मंडळाचं उत्तर आलं की तुम्हाला कळवू," त्या म्हणाल्या. "तोवर मुलीचं नाव वर्गात लागलंय."

ठकीनं यातल्या एकाही शब्दाचं भाषांतर केलं नाही. तिला करावंच लागलं नाही.